वहीतली भाकरी

कुशाबाने मोरीपाशी बसून धाकट्या भावाचा, विनीतचा, डबा उघडला. दोन भाकऱ्यांतली एक तशीच परत आली होती. टाकायच्या आधी त्याने ती सहज मोडली आणि त्याचा हात थांबला.

सकाळी थापलेली ज्वारीची भाकरी संध्याकाळी सहाला वातड व्हायला हवी. ही अजून मऊ होती. त्याने तुकडा बोटांत चुरला, बोटं नाकाशी नेली. तूप. वरून लावलेलं नव्हे, पिठातच मळलेलं. गोदीच्या कँटीनमध्ये त्याने तीस वर्षं पीठ मळलं होतं. आता डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरत होतं, पण बोटं अजून फसत नव्हती.

दारूला कधी न शिवताही त्याचं यकृत निकामी झालं होतं. विनीतच्या यकृताचा तुकडा चालणार होता. दुसरं कोणी जुळलं नव्हतं. पण तपासणीत विनीतच्याच यकृतावर चरबी निघाली. दोन महिन्यांत आठ किलो उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. आहाराच्या मॅडमनी कागद दिला: दिवसाला चौदाशे कॅलरी, ऐंशी ग्रॅम प्रथिनं. तेव्हापासून विनीतची बायको मेघना सगळं काट्यावर तोलून करत होती. मुगाची उसळ, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेला बांगडा. एका भाकरीला चाळीस ग्रॅम पीठ, म्हणजे एकशे चाळीस कॅलरी. सगळे आकडे ती वहीत लिहायची आणि विनीत पानाचा फोटो रोज मॅडमना पाठवायचा. शेजारच्या राधाबाई दारातून विचारून जायच्या, नवऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढवतेस की काय गं.

सात आठवडे झाले. वजन दीड किलो उतरलं आणि पुन्हा जिथल्या तिथे आलं. आता येत्या गुरुवारी शेवटची तपासणी होती. काटा थोडा जरी खाली दिसला तरी मुदत वाढवून मिळेल, नाहीतर विनीतचं नाव रद्द. विनीत स्वतःलाच दोष देत होता. कामावरून सुटला की डबा घरी टाकून भोईवाड्यातून थेट रे रोडपर्यंत चालत जाऊन यायचा, आणि घरात आल्यावर भावाच्या नजरेला नजर देत नसे.

मेघना ओट्यापाशी परातीत पीठ मळत होती. कुशाबाने भाकरीचा तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिने तो पाहिला. परातीतला हात परातीतच राहिला.

"कधीपासून?" त्याने हळू विचारलं.

"वजन उतरायला लागलं, त्या दिवसापासून."

पलीकडे पडद्याआड विनीत-मेघनाची मुलगी प्राची बारावीचा धडा पुटपुटत पाठ करत होती. मेघनाने आवाज आणखी खाली आणला.

"एवढं चांगलं धडधाकट माणूस, भाऊजी. त्यांना टेबलावर घेतलं आणि काही झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

कुशाबाने तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला, त्यावर कांद्याची सालं सारली, आणि नळाखाली बोटं धुतली. साबण लावून पुन्हा धुतली.

विनीत आला तो घामाने निथळत. चपला काढता काढताच त्याने सांगून टाकलं की आज डब्यातलं अर्धंच खाल्लं, आणि आता गुरुवारपर्यंत नुसत्या पाण्यावर राहणार. तीन दिवसांत काटा हलतो की नाही ते बघतोच. हे बोलताना तो सात आठवड्यांत पहिल्यांदा थोडा हसला.

मेघना पाठमोरी होती. तिने वळून पाहिलं नाही. तवा तापून धुरावला तरी तिने त्यावर भाकरी टाकली नाही.

कुशाबा भिंतीला टेकून बसला होता. तो पोटावर हात ठेवून भावाकडे बघत होता. बाप गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. तेव्हाही असाच हट्टाला पेटून उपाशी निजायचा.

"कागदावर किती लिहिलंय?" कुशाबाने विचारलं.

"चौदाशे."

"मग चौदाशे. उपाशी माणसाला डॉक्टर हात लावत नाहीत. बस जेवायला."

"अरे दादा, पण तीनच दिवस..."

"बस म्हटलं ना. मेघना, वाढ त्याला."

ती वळली. तिने कुशाबाकडे पाहिलं, मग परातीकडे.

"त्याच पिठाची?" तिने हळूच विचारलं.

"त्याच."

विनीत बसला. पहिली भाकरी त्याने चार घासांत संपवली, दुसरीला लगेच हात घातला. मोजूनमापून केलेल्या भाकरीलाही हिच्या हातची चव कशी येते, म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने फोटो काढायला मोबाइल हातात घेतला. मेघनाने वही पुढे ओढली, तारीख घातली. पुढे पेन सरकेना.

"लिही," कुशाबा म्हणाला. "दोन भाकऱ्या. दोनशे ऐंशी."