आप्पांच्या गाडीचे इंडिकेटर

पुढची गाडी काही न सांगता वळली की आपण सगळेच चिडतो. करकचून ब्रेक दाबतो, हॉर्न वाजवतो आणि घरी पोचल्यावर त्या अनोळखी चालकाचा मनसोक्त उद्धार करतो. आप्पांच्या घरी तर हा विषय रोज जेवणाच्या टेबलावर असायचा.

"लोकांना इंडिकेटर कशासाठी दिलाय तेच ठाऊक नाही. शोभेला लावल्यासारखा नुसता मिरवतात," आप्पा घास हातात धरून म्हणायचे.

"आणि तुमच्या गाडीला तो शोभेलाही नाही," काकू वाढता वाढता सांगायच्या.

"माझ्या गाडीला माझा हात आहे," आप्पा म्हणायचे, आणि विषय तिथे संपायचा.

आप्पा म्हणजे बाजारपेठेतल्या जुन्या औषध दुकानाचे मालक. दुकान आता मुलगा बघायचा आणि आप्पा गाडी बघायचे. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. लांब नाकाची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची आणि दाबला की बदकासारखा ओरडणाऱ्या रबरी भोंग्याची. ती बनली त्या काळात गाड्यांना इंडिकेटर नव्हतेच. वळायचं असलं की चालक हात बाहेर काढायचा आणि मागचा समजून घ्यायचा. आप्पांनी त्या गाडीत काडीचाही बदल केला नव्हता. जुन्या गाड्यांच्या क्लबातला 'सर्वांत अस्सल गाडी'चा करंडक दर वर्षी त्यांच्याच घरी यायचा. काचेच्या कपाटात करंडकांची इतकी दाटी झाली होती, की काकूंचे चांगले कपबश्यांचे संच कधीच माळ्यावर गेले होते.

एका सुट्टीच्या सकाळी आप्पा गाडी घेऊन फेरफटका मारायला निघाले. शेजारी काकू होत्या. टपाल कार्यालयाच्या कोपऱ्यावर त्यांना उजवीकडे वळायचं होतं. त्यांनी वेग कमी केला, आरशात पाहिलं आणि नेहमीप्रमाणे हात बाहेर काढला. सत्तरी उलटलेला हात तो, जरा थरथरला, पंजा पुढेमागे झाला. आप्पांनी चाक फिरवलं आणि त्याच क्षणी मागून एक स्कूटर त्याच बाजूने पुढे आली. मडगार्डला घासून ती आडवी झाली. चालवणारी तरुण बाई रस्त्यावर पडली ती मनगटावरच.

आप्पा घाईघाईने खाली उतरले. त्यांनी तिला उठवलं, काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. शुद्धीवर होती, पण हात धरून कळवळत होती.

"मी हात दाखवला होता हो," आप्पा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चांगला बाहेर काढला होता."

"पाहिला ना काका," ती दात आवळून म्हणाली. "तुम्ही 'जा पुढे' म्हणालात, म्हणून तर आले."

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं गेलं. तिची आई रुग्णालयात आली तेव्हा कळलं, की ती मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका आहे. ज्या हाताने ती मुलांशी बोलायची, तोच हात गळ्यात अडकवून ती घरी गेली.

संध्याकाळी आप्पांचे वकील मित्र आले. क्लबाचे अध्यक्षही तेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"अरे, तू हात दाखवलास ना? नियमात बसतं. तुझ्या गाडीला कायद्याने इंडिकेटर लागत नाहीत. तिला हाताची खूण कळली नाही, हा तिचा प्रश्न. तू कशाला जीव जाळतोस?"

आप्पांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्यांनी वकिलांना ते आणखी एकदा सांगायला लावलं.

काकू मात्र पिशवीत फळं भरत होत्या. "चूक कोणाची ते तुम्ही दोघं निवांत ठरवा," त्या म्हणाल्या. "मी उद्या तिच्या शाळेत जाणार आहे. आराम करायचा सोडून शाळेत जाणार म्हणत होती. तुम्हाला यायचं तर या."

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले. पण जाताना रस्ताभर वकिलांचं वाक्य मनात घोळवत गेले, म्हणजे वेळ पडली तर सापडायला हवं.

शाळेचा वर्ग लहान होता. बाकं अर्धगोलात मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. बाई एका हाताने गोष्ट सांगत होत्या. खुणा अर्ध्याच होत होत्या. दोन हातांचा शब्द एका हातात मावेना. मुलं डोळे बारीक करून पाहत होती, एकमेकांना विचारत होती आणि बाई घामाघूम झाल्या होत्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी कंटाळून टेबलावर डोकं टेकून बसली होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. आप्पांनी घसा खाकरला.

"बाई, तुमचं फार नुकसान झालं. मला वाईट वाटतं. पण मी नियमाप्रमाणे खूण केली होती, हेही खरं."

"मी कुठे नाही म्हणते, काका? तुम्ही खूण केलीत. मी ती पाहिली. तरी हे झालं." बाईंनी प्लास्टरकडे पाहिलं. "मग नेमकं कुठे अडलं, ते बघूया का?"

त्यांनी मुलांना बोलावलं आणि आप्पांना म्हणाल्या, "काल कोपऱ्यावर केलीत तीच खूण करा. ही मुलं हात वाचण्यात पटाईत आहेत. यांच्याइतकं हातांकडे लक्ष देणारं तुम्हाला गावात कोणी सापडणार नाही."

आप्पा खुर्चीवर ताठ बसले, काल्पनिक चाक धरलं आणि हात बाजूला काढला. मुलांनी निरखून पाहिलं. मग भराभर हात हलू लागले आणि बाई एकेकाचं बोलणं सांगू लागल्या.

"हा म्हणतो, आजोबा पाऊस आहे का बघतायत. ही म्हणते, टाटा करतायत. हा म्हणतो, ओला शर्ट वाळवतायत."

काकूंना हसू आवरेना. आप्पाही हसले. टेबलावर डोकं ठेवलेली मुलगी आता ताठ बसली होती. तिने आप्पांच्या हाताकडे बोट दाखवलं आणि आपला पंजा पुढेमागे हलवला.

"ती म्हणते," बाई सावकाश म्हणाल्या, "आजोबा सांगतायत, तुम्ही जा पुढे."

आप्पांचं हसू तिथेच थांबलं. वर्गात एकाही मुलाने 'आजोबा वळणार आहेत' असं म्हटलं नव्हतं.

"मी नोकरीला लागले तेव्हा मोठ्या तोऱ्यात शिकवायला उभी राहिले," बाई म्हणाल्या. "शिकून आलेल्या खुणा अगदी अचूक करत होते. मुलं बघत बसायची. मी घरी जाऊन सांगायचे, मी शिकवते पण मुलं समजून घेत नाहीत. मग कळलं, की मुलांपर्यंत पोचलंच नाही, तर मी शिकवलं असं म्हणताच येत नाही. त्यांना कळणारी खूण शोधणं हे माझं काम. खूण करणाऱ्याचं समाधान झालं म्हणजे खूण पूर्ण होत नाही, काका. बघणाऱ्याला कळली की पूर्ण होते. तुमच्या वडिलांच्या काळी रस्त्यावरच्या सगळ्यांना हाताची खूण कळायची, म्हणून ते हात दाखवायचे. आज रस्त्यावर लुकलुकणारा पिवळा दिवा कळतो."

वकिलांचं वाक्य आप्पांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. घराच्या पायऱ्या चढताना ते काकूंना म्हणाले, "अगं, वडील आज असते तर त्यांनीही दिवा लावला असता. मागच्या माणसाला कळावं म्हणून तर ते हात काढायचे. मी त्यांचा हात जपला आणि त्यामागचं कारण विसरलो."

आप्पांची पुतणी गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप चालवायची. आप्पांनी गाडी तिथे नेली खरी, पण गाडीच्या दारावर हात ठेवून ते शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकासारखे दिसत होते.

"भोकं पाडायची नाहीत," ते म्हणाले. "एकही नाही."

"नाही पाडणार, काका. उद्या वाटलं तर सगळं काढून गाडी होती तशी करता येईल, असंच करू." पुतणी गाडीखाली सरकली आणि आतूनच बोलत राहिली. "पुढच्या मडगार्डवर छोटे दिवे आहेतच. त्यांच्याच काचेमागे पिवळा एलईडी बसवते. मागे मात्र दोन नवे लागतील. काळे, बटणाएवढे. बंपरच्या जुन्याच बोल्टवर पट्टी कसून लावते. पेटेपर्यंत कोणाला दिसायचे नाहीत."

"पण माझी बॅटरी सहा व्होल्टची. म्हातारीला झेपेल?"

"तुमच्या पुढच्या मोठ्या दिव्यांपेक्षा कमी खातील हे."

काम सुरू झालं आणि आप्पांमधला कारागीर जागा झाला. खटका दिसता कामा नये म्हणून तो चाकाच्या दांड्याखाली, बोटाला सहज लागेल असा त्यांनीच बसवायला लावला. नव्या वायरी चकचकीत दिसत होत्या, ते त्यांना खुपू लागलं. जुन्या वायरींवर विणलेलं सुती आवरण होतं. काकूंनी तसाच नाडीसारखा सुती पट्टा शोधून आणला आणि दोघांनी अंगणात बसून नव्या वायरींना तो शिवून घातला. मग पुतणीने खटका दाबला. मागच्या काळ्या बटणात पिवळा दिवा लुकलुकला. आप्पा गाडीभोवती फिरून प्रत्येक बाजूने पाहून आले आणि म्हणाले, "हिला डोळा मारता येतो हे मला माहीतच नव्हतं."

पहिले काही दिवस खटका बंद करायला ते विसरायचे. मग काकू शेजारून म्हणायच्या, "अहो, आपण अजून वळतोच आहोत का?"

क्लबाची वार्षिक स्पर्धा आली. परीक्षकांनी गाडी खालून वरून तपासली आणि शेरा देऊन ते पुढे निघाले. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. आप्पांनी त्यांना परत बोलावलं आणि खटका दाबून दाखवला.

वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, दिसत नव्हतं तर गप्प बसायचं होतंस. आता करंडक गेला."

"दिसावं म्हणूनच लावलंय," आप्पा म्हणाले.

करंडक गेलाच. तो वकिलांच्या निळ्या गाडीला मिळाला. मग शहरातून सगळ्या गाड्यांची मिरवणूक निघाली. आप्पांची गाडी पुढे, तिच्यात काकू आणि नुकतंच प्लास्टर निघालेल्या बाई. मागोमाग वकिलांची गाडी.

मोठ्या चौकात गर्दी होती. आप्पांनी खटका दाबला. लुकलुकणारा दिवा पाहून समोरची बस थांबली, दुचाकीवाले थांबले आणि आप्पांची गाडी राणीसारखी वळून गेली. मग वकिलांनी हात बाहेर काढला. फुटपाथवर उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, करंडकवाले साहेब अभिवादन करतायत. त्यांनीही आनंदाने हात हलवले. टाळ्या पडल्या. वकिलांनी हात आणखी ताठ केला. लोकांनी आणखी जोरात हात हलवले. बसवाल्याला वाटलं, साहेब आपल्याला पुढे बोलावतायत. तो निघाला, वकिलांनी ब्रेक मारला, मागच्या साऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून थांबल्या आणि चौकात भोंग्यांचा एकच गदारोळ उडाला. एक आजी मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडत होत्या. त्या बसच्या पुढ्यातून कशाबशा मागे सरकल्या.

कोणाला लागलं नाही. पण मिरवणूक संपून वकील मैदानावर पोचले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते सरळ आप्पांच्या गाडीपाशी आले आणि बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, तुम्हाला खूण कळली नाही हा तुमचा प्रश्न, असं मी म्हणालो होतो. आज अख्ख्या चौकाला माझी खूण कळली नाही. अख्खा चौक चुकीचा असू शकत नाही."

बाई हसल्या. आप्पांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि टोमणा मारायची चालून आलेली संधी सोडून दिली.

त्याच मैदानावर, करंडक टेबलावर ठेवून, वकिलांनी सभा घेतली. सुरक्षेसाठी लावलेल्या, गाडीला इजा न करणाऱ्या दिव्यांमुळे यापुढे गुण कापले जाणार नाहीत, असा ठराव त्यांनीच मांडला.

एका सभासदाने शंका काढली. "आज दिवे लावू, उद्या आणखी काही. मग जुनेपण उरलं कुठे?"

"जुनी गाडी आपण संग्रहालयात नाही, रस्त्यावर चालवतो," आप्पा म्हणाले. "रस्ता आजचा आहे आणि त्यावरची माणसं जिवंत आहेत. माझी गाडी जितकी जुनी होती तितकीच आहे. फक्त आता ती बोलते ते लोकांना कळतं."

ठराव एकमताने मंजूर झाला. पुढचे काही महिने पुतणीच्या वर्कशॉपसमोर आजोबांच्या वयाच्या गाड्या रांग लावून उभ्या राहू लागल्या. वकिलांच्या निळ्या गाडीला तर आप्पांनी स्वतः दिवे बसवून दिले. पुढल्या मिरवणुकीत चौकात सगळ्या गाड्यांनी एकामागून एक दिवे लावले. वाहतूक पोलिसाला शिट्टी वाजवावी लागली नाही. सगळा ताफा एखाद्या माळेसारखा सुरळीत वळला, आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मित्रहो, आपल्यापैकी फार थोड्यांकडे जुनी गाडी असेल. पण 'मी सांगितलं होतं' हे वाक्य आपल्या प्रत्येकाकडे आहे. कार्यालयात, घरात, शाळेत, रस्त्यावर ते पुढे करून आपण मोकळे होतो. समोरच्याला कळलं का, हे विचारायला फार वेळ लागत नाही. आणि ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, ती आपल्या आधीच्यांनी कोणाच्या तरी भल्यासाठीच सुरू केली होती. ते भलं आज कशाने साधेल, ते शोधून काढणं हाच तिचा खरा मान. आपण कुठे वळणार आहोत हे मागून येणाऱ्याला वेळेवर आणि त्याला कळेल असं सांगावं. नागरिक म्हणून आपण एकमेकांचं एवढं तरी देणं लागतो.