ग्रादिमिरचा उपास

पुरुष बारीक होतो तो दोनच कारणांनी, असं सर्बियातल्या वाल्येवो गावात सगळे धरून चालतात. एक तर दुखणं, नाहीतर बायको. त्यामुळे भूगोलाचा मास्तर ग्रादिमिर त्या शरदात झपाट्यानं उतरायला लागला तेव्हा गल्लीनं आधी त्याच्या बायकोकडे, देसांकाकडे संशयानं पाहिलं, आणि ती नवऱ्याला पोटभर घालते हे ठाऊक असल्यामुळे मग दुखण्यावर शिक्कामोर्तब केलं. एका सहकाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी उसनी नेलेली शिडी घाईघाईनं आणून दिली. उशीर झाला असता तर ती कोणाला द्यायची हा प्रश्न पडला असता.

खरी गोष्ट अशी की डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेवरून दम दिला होता, आणि ग्रादिमिरला इंटरनेटवर कीटोसिस सापडलं होतं. पाव बंद, बटाटा बंद, साखर बंद. अंडी, साय आणि डुकराची खारवलेली चरबी मात्र हवी तितकी. शिवाय रविवारी रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत नुसतं मिठाचं पाणी. पिठाचा पुरवठा तुटला की शरीर झक मारत स्वतःची चरबी जाळतं, असा हिशोब. आणि ते जाळत होतं. तोंडाला नेलपॉलिशसारखा वास यायचा, पण पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागत होती.

हे लोकांना सांगायला काय हरकत होती? हरकत अशी की त्या गावात डाएट बायका करतात. पुरुषानं केलं तर मरेपर्यंत त्याच्या ताटात डोकावून विनोद होतात.

अशात नाताळाआधीचा मोठा उपास सुरू झाला. त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. पाव, घेवडा, मासे चालतात. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी उपासाचा अक्रोडाचा केक आणला. ग्रादिमिरनं तोही नको म्हटला. रसायनशास्त्राच्या बाईंनी विचारलं, इतका कडक धरलात की काय? ग्रादिमिरनं मान हलवली. होकाराची म्हणावी तर होती, नव्हती म्हणावी तर नव्हती. पण गावानं ती होकाराचीच धरली.

आठवड्यात तो दुखणाईताचा साधू झाला. फादर स्पासोयेंनी रस्त्यात थांबवून खांदा थोपटला, आणि तोंडाच्या वासावरून म्हणाले की रिकाम्या पोटाचा गंध आपल्याला बरोबर ओळखू येतो. सोमवारचा उपास तर खराच होता, अशी ग्रादिमिर स्वतःची समजूत घालायचा. उरलेले दिवस एकादशी अन् दुप्पट खाशी.

मग शेजारची स्तानिया आली. सत्तरीची विधवा, एकुलता एक मुलगा व्लास्ता. ती आत येऊन बसली नाही, दारातच उभी राहिली.

"ग्रादिमिर, गुरुवारी दुपारी व्लास्ताचं पोटाचं ऑपरेशन आहे. मला डॉक्टर उपास करू देत नाहीत. साखर आहे, दोनदा भोवळ येऊन पडले. तुझा चाललाच आहे, तर तो माझ्या पोराच्या नावानं धर."

"मावशी, माझा उपास म्हणजे तसा..."

"मोठेपणा राहू दे. धरशील की नाही एवढं सांग."

ग्रादिमिर म्हणाला, धरतो.

गुरुवारी काहीही खायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, आणि दुपारी शाळेतून येईपर्यंत ते पाळलंही. मग लाकडं आणायला म्हणून तो परसात गेला. लाकडांशेजारीच मांस धुरवायची खोली. तिथे टोपल्यात तळलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे होते. तो उभ्या उभ्या खात राहिला. मूठभर, मग आणखी मूठभर. बाहेर आला तर कुंपणापलीकडे स्तानिया, कानाशी फोन.

"झालं रे! नीट झालं! आत्ता बाहेर आणला!"

ग्रादिमिरचं तोंड भरलेलं होतं. बोलता येईना, म्हणून त्यानं तुपकट हात वर केला. तिला तो आशीर्वाद वाटला. तिनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला.

एकोणीस डिसेंबरला संत निकोलाचा दिवस. स्तानियाच्या घराण्याचा तो संत, म्हणजे घरी सण. उपासात येतो म्हणून मासे. दाराशी आल्यागेल्यानं साखर घालून शिजवलेला गहू चमचाभर खायचा, तो ग्रादिमिरनंही खाल्ला. तिनं त्याला फादरच्या उजव्या हाताला बसवलं. व्लास्ता सपाता घालून, भिंतीला धरत खाली आला. चेहरा मेणासारखा. स्तानियानं एकदा मुलाकडे, एकदा ग्रादिमिरकडे बोट केलं आणि पाहुण्यांना सांगितलं की हा दुखण्यानं वाळला आणि हा त्याच्यापायी.

ग्रादिमिर उठून उभा राहिला.

"मी डुकराची चरबी खाल्लीय," तो म्हणाला. "सगळा उपासभर. अंडी, साय, सगळं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हासुद्धा."

मग फादर स्पासोये हळूच हसले.

"ऐकलंत? खरा उपास करणारा स्वतःलाच चोर म्हणतो. मी वर्षभर घसा फोडतो, इतकी नम्रता कोणाच्या अंगी येत नाही."

पेले उंचावले गेले. ग्रादिमिर बायकोला म्हणाला, सांग ना यांना. देसांकानं ताटातल्या माशाच्या काट्यांकडे बघत सांगितलं, हे म्हणतात तसंच आहे. त्यावर कोणीतरी म्हणालं की बायकोही तोलामोलाची मिळाली.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण पोरगं गेलं असतं, तर सांगितलं असतंस?"

हिवाळाभर ग्रादिमिर तो प्रश्न उगाळत राहिला.

म्हणून ईस्टरआधीचा उपास त्यानं खरा धरला. मांस नाही, अंडी नाहीत, साय नाही. कडक दिवशी तेलसुद्धा नाही. उरतं काय? पाव, घेवडा, बटाटे, शेवया, जर्दाळूचा मुरंबा. अर्धपोटी उठायचा, रात्री चरबीची स्वप्नं पडायची, आणि अंग मात्र भरत चाललं. पट्टा जुन्या भोकावर आला, मग तिथेही मावेना. गावानं निष्कर्ष काढला. फादर आता लांबूनच मान हलवत. शिक्षकांच्या खोलीत तो पाव खायला लागला की लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत.

एका संध्याकाळी कुंपणाशी स्तानियानं त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"होतं असं, बाबा. माणूसच आपण. मी कोणापाशी बोलायची नाही."

"मावशी, देवाशप्पथ, या वेळी मी खरंच पाळतोय."

"शपथ नको घेऊस," ती घाईनं म्हणाली. "माझ्या पोरासाठी तू धरलास, आता तुझ्यासाठी मी धरलाय. सोमवारपासून नुसत्या पाण्यावर आहे. तू सावरलास की सोडीन."

"अहो, तुम्हाला साखर आहे!"

"डॉक्टरला कोण सांगतंय?"

ती कुंपणाला धरून वळली. पायरी चढताना दोनदा थांबली.

ग्रादिमिरनं त्याच रात्री व्लास्ताला गाठलं, फादरलाही गाठलं. व्लास्ता म्हणाला, आई माझं ऐकत नाही. फादरनी तिला समजावायचं कबूल केलं, पण जाता जाता ग्रादिमिरच्या पोटाकडे अशी नजर टाकली की ते पोट उतरल्याशिवाय म्हातारी जेवायची नाही हे दोघांनाही कळलं. सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि पाव उचलून डब्यात ठेवला.

"चरबीत अंडी तळ," तो देसांकाला म्हणाला.

तिनं कढई चुलीवर ठेवली. किती, एवढंच विचारलं. तो खिडकीकडे पाठ करून बसला आणि मान खाली घालून खायला लागला.