नऊ इंच कमी

शिंपीमास्तरांना या सगळ्यातून मिळवायचं होतं ते एवढंच: गच्चीवर दहा बाय अकराची एक खोली. तीही लेकीसाठी. लेक नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी येऊन ती पुढच्या खोलीत पडद्याआड झोपायची आणि पडद्याच्या अलीकडे मास्तरांचं मशीन दिवसभर खडखडायचं. सहा वर्षांत तिला सलग चार तास झोप मिळाली नव्हती.

आर्किटेक्टने जुन्या खरेदीखतावरून नकाशा काढला. मास्तरांनी आपल्या कापडी टेपने प्लॉट मोजला, दोनदा. रुंदी नऊ इंच कमी भरली. लेकीला घेऊन ते त्याच्या ऑफिसात सांगायला गेले, तर तो दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, हे घर आहे, ब्लाउज नाही. इतक्या कंबरा मोजून तुमचा टेप ताणला गेला असेल."

गिऱ्हाइकं हसली. लेकही ओठ मिटून हसली. आर्किटेक्टचं हसणं मास्तरांनी एक वेळ सोडून दिलं असतं. लेकीचं मात्र त्यांनी त्याच्याच खात्यावर मांडलं.

आठवड्याने त्याचा फोन आला. त्या दिवशी जरा जास्तच बोललो, म्हणाला. माणूस पाठवून मोजून घेतो, तुमचं बरोबर निघालं तर नकाशा आजच सुधारतो. फाइल मात्र महिनाअखेरीच्या आत जाऊ दे, एक तारखेपासून नियम बदलतायत. मास्तर एका बाहीला टाके घालत होते.

"छे हो," ते म्हणाले, "माझा टेपच ताणला गेलाय. तुम्ही बिनधास्त शिक्का मारा."

चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, यावर मास्तरांची हयात गेली होती. आधी याचं नाक कापू, मग दुसऱ्याकडून चार दिवसांत नकाशा करून घेऊ, असा त्यांचा बेत. फाइल दाखल झाल्याबरोबर ते परवानगी खात्यात गेले आणि अगदी गरीब चेहरा करून तपासनीसाला म्हणाले, साहेब, एकदा जागेवर येऊन मोजून जा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नको.

तपासनीस आला. आर्किटेक्टही आला, गॉगल लावून. पोलादी टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला आणि माप नकाशापेक्षा नऊ इंच कमीच भरलं. मास्तरांनी आर्किटेक्टला पाणी दिलं आणि तपासनीसाला अदबीने विचारलं, "साहेब, तुमचाही टेप ताणला गेलाय का, बघा जरा."

चुकीच्या मापांवर सही केली म्हणून आर्किटेक्टचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. मास्तर त्या दिवशी शीळ घालत मशीन चालवत होते.

अर्ज फेटाळल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा नवा महिना लागून दोन दिवस झाले होते. नव्या आर्किटेक्टबाईंनी नीट मोजलं, नवा नियम काढून दाखवला: बाजूला तीन फुटांऐवजी पाच फूट मोकळे सोडायचे. उरलेल्या जागेत जिना बसत होता किंवा खोली. दोन्ही नाही. गेल्या महिन्यात खोली नऊ इंच आखडून अर्ज केला असता तर सहज झालं असतं, त्या हळहळून म्हणाल्या.

लेक जुन्या आर्किटेक्टकडून कागद परत आणायला गेली. आली ती चप्पल न काढताच मशीनपाशी उभी राहिली.

"बाबा, त्याचा फोन आला होता?"

"आला होता."

"पुन्हा मोजतो म्हणाला होता?"

मास्तर सुईत दोरा ओवू लागले. तो जाईना. "हसला होता तो मला. चारचौघांत."

"हसले तर मीही होते," ती म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

आर्किटेक्टने शिक्षेचे सहा महिने भरले. सातव्या महिन्यात त्याला शिक्का परत मिळाला. लेक अजून भरते आहे, रोज सकाळी नऊपासून, मशीन थांबेल तेवढंच झोपून.