तिरका ‘प’ आणि विहिरीची सूचना

मित्रांनो, मी छापखान्यातला एक जुना लाकडी ‘प’ आहे. उजवीकडे कललेला, ऐसपैस पोटाचा, आणि कान्याच्या, म्हणजे उभ्या दांड्याच्या, तळाशी जाड चौकोनी ठोकळा असलेला. त्या ठोकळ्यामुळेच मी धावताना दिसतो, पण पडत नाही, असं कुमुदिनीबाई म्हणायच्या.

बाई अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवत. इंग्रजी जाहिरातींतली अशी अक्षरं पाहून त्यांनी आमची वर्णमाला रेखली. त्यांचे पती दिनानाथ कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करत. त्यांनी आम्हाला शिसवात कोरलं. माझा ठोकळा जरा बारीक झाला, तर बाई म्हणाल्या, “अहो, पाय भक्कम हवा!” दिनानाथांनी मला पुन्हा कोरलं.

सिंधमधून आलेल्या जयदेवांनी उल्हासनगरच्या कॅम्पात छापखाना टाकला होता. आम्ही तिथे गेलो. सर्कस, सोडा, नाटक, सगळीकडे आम्हीच! बाजाराच्या दुसऱ्या टोकावरून लोक आम्हाला वाचत. लग्नपत्रिकेत मात्र आमचा उपयोग नव्हता; चार अक्षरांतच कागद संपायचा.

पालेगावची विठा त्या बाजारात भाजी विकायची. तिची नजर अधू होती. बाईंनी तिला आमच्या पोस्टरांवरूनच वाचायला शिकवलं. मला पाहून ती हसायची, “बाय, यो प तं पलतंय!”

एका उन्हाळ्यात बाजारातल्या विहिरीचं पाणी बिघडलं आणि पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. बाई सूचना घेऊन धावत आल्या. ‘पाणी पिऊ नका.’

“जयदेवभाई, हे मोठ्या अक्षरांत छापा.”

पण मी आणि माझा जोडीदार, दुसरा ‘प’, ‘पातळे, परकर’ अशा सेलच्या फर्म्यात, छपाईच्या चौकटीत, घट्ट आवळलेले होतो.

“भाभी, उद्या सेल आहे. फर्मा सोडला तर सगळं काम बिघडेल. बारीक टाइपात देतो ना. मजकूर तर तोच आहे.”

बाई घुटमळल्या. मग बारीक अक्षरांचे कागद घेऊन गेल्या.

त्याच आठवड्यात विठा पटकीने गेली. तिच्या टोपलीमागच्या खांबालाच सूचना चिकटवलेली होती. तिचा मुलगा बाळाजी छापखान्याच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, “मोठं लिवलं असतं, तं आय वाचली असती.”

जयदेवांनी स्वतःच्या हातांनी फर्मा सोडला. आम्ही ‘पाणी पिऊ नका’ झालो. दिवसभर छापले गेलो आणि विहिरीभोवतीच्या भिंती भरल्या. बाईंनी पुढे लेखणी उचलली नाही. अंक रेखायचे राहिले होते; ते आमच्या संचात आलेच नाहीत.

मित्रांनो, आता मी खोक्यात पडून आहे. माझ्या पायाला वाळवी लागली आहे. मला तेल लावा, असं माझं मागणं नाही. फक्त कुणाच्या जिवाची गोष्ट सांगायची असेल, तेव्हा भिंतीवरची सगळ्यात मोठी अक्षरं आधी तिला द्या. सेल दुसऱ्या दिवशीही लागतो.