खोटी पाटी

चालक हेक्टर मॅस्केल शर्यतीची नवी गाडी घेऊन चाचणीसाठी जुन्या धावपट्टीवर गेला आणि पुढच्याच मिनिटाला क्लेमंट गेज थर्लोच्या शेजारी येऊन उभा राहिला. गेज हा गाडीचा मुख्य मेकॅनिक. नॉरफक परगण्याच्या वाऱ्यात पन्नास वर्षं काढलेला माणूस, पण आज त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"साहेब, डावीकडची पाचर आतच राहिली."

डेस्मंड थर्लोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो गर्रकन धावपट्टीकडे वळला.

ही गाडी थर्लोनेच आखलेली. तीन वर्षांपूर्वी वाऱ्याच्या बोगद्यात तो एका छोट्या नमुन्यावर काम करत होता. नमुन्याच्या बाजू ऊन लागलेल्या पापडासारख्या खाली वाकल्या, जमिनीला टेकायला आल्या, आणि ओढ मोजणाऱ्या काट्याने एकदम उडी मारली. काटा बिघडला म्हणून थर्लोने त्याला दोन टपल्या मारल्या. काटा शहाणा होता. गाडीच्या पोटाला विमानाच्या पंखाचा आकार उलटा करून दिला आणि दोन्ही बाजू जमिनीपर्यंत बंद केल्या, तर खालून पळणारी हवाच गाडीला खाली ओढून धरते. जितका वेग जास्त, तितकी ओढ जास्त. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या बसवल्या. जुन्या विमानतळाच्या खडबडीत काँक्रीटवरून गाडी ढकलताना त्या तुटू नयेत म्हणून वर उचलून पाचरी मारायच्या, आणि निघताना काढायच्या. पाचरी पांढऱ्या होत्या तेव्हा लोक विचारायला लागले, म्हणून थर्लोने त्या काळ्या रंगवायला लावल्या. लपवण्याची त्याला इतकी हौस.

"अरे, पण राहिली कशी?"

"तो कॅमेरावाला आपल्या इंधनाच्या पिंपांपर्यंत आला होता ना! मी कोट पसरून आडवा उभा राहिलो. वाकलो असतो तर त्याला सगळं दिसलं असतं. तेवढ्यात हेक्टर निघाला. उजवीकडची निघाली होती, मला वाटलं दोन्ही निघाल्या."

कॅमेरावाला म्हणजे दुसऱ्या संघाचा माणूस. त्याला हाकललं तर गडी समोरच्या कुंपणापलीकडे जाऊन सँडविच खात बसला होता.

एक पट्टी वर अडकली, म्हणजे त्या बाजूने हवा आत घुसणार आणि ओढ सुटणार. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापवायच्या, हळूच. त्यात हेक्टरला काही जाणवणार नव्हतं. तिसऱ्या फेरीला तो पलीकडचं मोठं वळण पाय न उचलता घेणार होता. 'गाडी धरून ठेवते, तू बिनधास्त दाब,' असं थर्लोनेच त्याला पढवलं होतं. त्या वळणाच्या बाहेर दगडी भिंत होती.

"पाटी दाखव! आत बोलाव त्याला!"

गेज हलला नाही. "साहेब, पाटी खोटी आहे ना आज."

सकाळी थर्लोनेच तसं ठरवून दिलं होतं. कॅमेरावाल्याला वाटलं पाहिजे की गाडीत रोज काहीतरी मोडतंय. म्हणून पाटीवर 'आत ये' लिहायचं, हात हलवायचे, डोकं धरून धावायचं, आणि हेक्टरने तिकडे ढुंकूनही न बघता ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायच्या. गाडी थांबवायला निशाणवालासुद्धा ठेवला नव्हता. ठेवला तर बोलायला आणखी एक तोंड.

तरी दोघांनी पाटी उंच धरली. दोघे बोंबलले, नाचले. हेक्टर समोरून गेला आणि त्याने मजेत अंगठा दाखवला. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याच्या हाकेला धावतो कोण?

"मी रस्त्यात उभा राहतो," गेज म्हणाला.

"तुला चुकवायला तो गाडी वळवेल. म्हणजे तूही आणि तोही."

एक फेरी उरली होती. आपण नाटकात करणार नाही असं काय आहे? थर्लोने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं तेव्हा त्याला रडू आलं. तीन वर्षं बायकोलासुद्धा न दाखवलेली एकच गोष्ट होती.

"गेज, ट्रकमधली गाडीची जादा बाजू काढ. पोट रस्त्याकडे करून धर."

"साहेब, तो समोर बसलाय!"

"धर म्हणतो ना!"

गाडीच्या बाजूचा तो दारापेक्षा लांब भाग दोघांनी ओढत रस्त्याच्या कडेला आणला आणि उभा केला. वळणदार पोट, सरकती पट्टी, सगळं उघडं. कुंपणापलीकडे सँडविच खाली पडलं आणि कॅमेरा वर आला. थर्लोने तिकडे पाहिलं नाही. इंजिनाचा आवाज जवळ येत होता. तो पुटपुटत होता, "बघ रे बाबा, बघ."

आवाज तुटला. टायर किंचाळले. गाडी दूरवर जाऊन थांबली.

ते धावत पोचले तेव्हा हेक्टर हेल्मेट काढून ओरडत होता. "वेड लागलं का तुम्हाला? सगळं दाखवून टाकलं त्याला! पाटी पाहिली, हातवारे पाहिले, म्हटलं काय झकास नाटक करताहेत! मी तर हसत होतो! मग ते पोट उघडं दिसलं आणि ब्रेकच मारला!"

गेजने गुडघे टेकून पाचर काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. हेक्टरने ती पाहिली. मग वळणाकडे, भिंतीकडे पाहिलं.

थर्लो चाकावर टेकला. गेजने सगळीकडे हात फिरवून गाडी तपासली, थर्लोने पुन्हा तपासली. कॅमेरावाला केव्हाच मोटारीत बसून पसार झाला होता. आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि भीती मात्र अंगातून जात नव्हती.

"हेक्टर, सगळं ठीक आहे आता," थर्लो म्हणाला. "मी स्वतः बघितलंय."

हेक्टरने मान डोलावली. मग त्याने गेजकडे पाहिलं, खरं का, असं. गेजने हो म्हटलं. तरीही हेक्टर काँक्रीटवर पालथा झोपला आणि एकेका पट्टीखाली बोटं घालून बघू लागला. तो शेवटापर्यंत पोचेस्तोवर थर्लो शेजारी मान खाली घालून उभा राहिला.