चाळिसाव्या दिवशीचा वारा

नवऱ्याला, तिहोमीरला, जाऊन चाळीस दिवस झाले तरी देसांकाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बाई दगडाची आहे, असं तिहोमीरच्या आत्याबाई सांगत सुटल्या होत्या, आणि देसांकालाही ते पटत चाललं होतं. चाळिसाव्याला तिने कबरीवर मेणबत्ती लावली, लोकांना गोड गहू वाटले आणि घरी येऊन टेबलं मांडली. हात आपले आपण चालत होते.

पंगत मोठी, घरात उकडत होतं, म्हणून कुणीतरी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. आत्याबाईंनी येताक्षणी एक धाडकन लावली. त्यांच्या मते निम्मं जग आरपार वाऱ्याने मेलं आणि उरलेलं ओल्या केसांनी बाहेर पडल्यामुळे. गावातले शिकलेले लोक त्यांना हसत, आणि आपल्या घरी जाऊन गुपचूप खिडकी लावून घेत.

सूप संपेपर्यंत धाकटा दीर मोमिर जबडा चोळू लागला, मग डावा खांदा. बायकोने, रुझित्साने, विचारलं तर म्हणाला, खिडकीत बसलो ना, वारा लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खांद्याला राकिया चोळा, आत्याबाईंनी फर्मान सोडलं. देसांकाने कपाटातून प्लमच्या दारूची बाटली काढली. तिहोमीरला चोळून अर्धी उरलेली, तीच.

मोमिरचा सदरा खाली सरकवून ती चोळू लागली. थोड्या वेळाने तिचे हात थांबले. पाठ ओली होती, पण राकियाने नव्हे. गार घाम होता, आणि तो तिच्या हातांच्या ओळखीचा होता. तिहोमीर गेला त्या दिवशीही असाच आला तेव्हा ती खूश झाली होती. घाम आला म्हणजे वारा निघाला, असं तिने तिहोमीरला सांगितलंही होतं. नंतर डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. ते तिने वाचलं होतं, पण त्यापुढे विचार केला नव्हता.

तिने बाटली खाली ठेवली आणि रुझित्साला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

"वाऱ्याला कुणी डॉक्टर आणतं का गं?" आत्याबाई म्हणाल्या. "गाव तोंडात शेण घालेल आपल्या."

मोमिरलाही लाज वाटली. "वहिनी, दादाचा दिवस आहे आज. माझा कशाला तमाशा? आणखी थोडं चोळ, जाईल."

"तिहोमीरही हेच म्हणाला होता, भावजी," देसांका म्हणाली. आवाज मीठ मागावं इतका साधा. "त्याचाही जबडाच दुखत होता. असाच घाम होता. मी दोन तास चोळत बसले."

रुझित्साने फोन उचलला.

संध्याकाळी इस्पितळातून तिचाच फोन आला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती, ती मोकळी केली, मोमिर वाचला. रुझित्सा रडत होती. तुझे उपकार फेडायचे कसे, म्हणत होती.

"किती वेळ लागला पोचायला?" देसांकाने विचारलं.

"वीस मिनिटं."

बरं झालं, असं म्हणून देसांकाने फोन ठेवला. हातांना अजून राकियाचा वास येत होता. रडू तेव्हाही आलं नाही. ती ताटं गोळा करू लागली. इस्पितळ वीस मिनिटांवर होतं, आणि त्या दिवशी तिच्याजवळ दोन तास होते.