उलटं उभं केलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. तुमच्या घरच्या पेट्यांत कपडे असतील, भांडी असतील. माझ्या पोटात मात्र साडेचारशे घरं होती! पोलंडच्या दक्षिणेला, डोंगरउतारावरच्या एका गावातल्या चर्चच्या कचेरीत माझी सारी हयात गेली. एकेका कुटुंबाचं एकेक कार्ड. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण देवाघरी गेलं, आणि दर जानेवारीला फादर त्या घरी जाऊन आले की नाही, एवढं त्यावर लिहिलेलं असे.

चर्चमधली ओकची जुनी बाकं बदलली, तेव्हा गावच्या सुताराने गुडघे टेकायच्या फळीतून मला घडवलं. माझ्या डाव्या कुशीवर अजून दोन उथळ खळगे आहेत. इतक्या लोकांच्या प्रार्थनेने झिजलेलं लाकूड आपल्या अंगात आहे, याची मला थोडी मिजास आहे. ती लपवण्यात अर्थ नाही.

नाताळ सरला की माझे खरे दिवस सुरू होत. तेव्हा आमच्याकडे फादर घरोघर भेटीला जातात. लोक टेबलावर पांढरी चादर घालतात, क्रूस ठेवतात, दोन मेणबत्त्या लावतात. प्रार्थना होते, चहा होतो, आणि निघताना फादर दारावर खडूने नवं साल लिहितात. ते वर्षभर कोणी पुसत नाही. या फेरीत चर्चमधला ऑर्गन वाजवणारे सेवेरिनकाका मला काखोटीला मारून फादरांच्या मागे चालत. बर्फावर दोनदा सपशेल आपटले, पण मला त्यांनी जमिनीला लागू दिलं नाही. "माझं हाड बसवता येईल," ते म्हणाले, "ही सांडली तर अख्खं गाव गोळा करावं लागेल."

आमची पद्धत अगदी सोपी होती. भेट झाली, कार्ड सरळ. दार उघडलं नाही, तर कार्ड उलटं, म्हणजे कोरी बाजू पुढे. पुढच्या वर्षी उलटी कार्डं बाहेर काढायचीच नाहीत. ज्यांना फादर नको आहेत, त्यांच्या दारात कशाला उभं राहायचं? साठ वर्षं याच पद्धतीने गाव चाललं, आणि माझी छाती फुगत राहिली.

मग तीन वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर संगणक आला. कचेरीतलं लिहिणं-टिपणं बघणाऱ्या होनोराताताईंनी त्यात चर्चच्या कामाचा प्रोग्राम घातला. खरं सांगते, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काका तर येता-जाता म्हणत, "नव्याचे नऊ दिवस!" पण नऊ दिवस संपले, नऊ महिने संपले, आणि मला गुपचूप कौतुक वाटू लागलं. बाप्तिस्म्याचा दाखला शोधायला काकांना अर्धा दिवस आणि वीस शिंका लागत. तो दाखला आता किटलीतलं पाणी उकळायच्या आत हातात पडे. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली खास प्रार्थना, सांगायला लोक येत, तेव्हा वहीत एकच सकाळ दोन घरांना दिली जाई, आणि ती दोन घरं समोरासमोरच्या बाकांवर बसून एकमेकांकडे डोळे वटारत. प्रोग्राम मात्र ताईंनी नाव टाकताक्षणी सांगे की ही सकाळ आधीच दिलेली आहे. गेल्या शरद ऋतूत त्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात गल्लीगल्लीचा नकाशा होता आणि घरभेटींची खास सोय होती.

ताई माझ्यातून एकेक कार्ड काढून त्यात भरू लागल्या. मी हलकी होत चालले होते. म्हातारपणी हलकं होणं बरं नाही वाटत, मित्रांनो.

एके दुपारी त्यांच्या हाती एक उलटं कार्ड लागलं. लेओकादियाबाईंचं, पाणचक्कीच्या गल्लीतलं शेवटचं घर. ताईंनी टाकलं: भेट झाली नाही. लगेच पडद्यावर प्रश्न आला: का? आजारी, परगावी, घर बंद, की नकार?

"काका, या बाईंकडे दहा वर्षं कोणी गेलेलं नाही. का?"

"कार्ड उलटं आहे ना?"

"आहे."

"मग झालं! उलटं म्हणजे उलटं."

"अहो, पण हे कारण मागतंय. दिल्याशिवाय पुढेच सरकत नाही."

काका वैतागले. "नकार टाक आणि मोकळी हो. चर्चसमोरचं लिंडनचं झाड पाडलं, तेव्हा ही बाई आपल्या जुन्या फादरांना भर अंगणात काय काय बोलली होती! तेव्हापासून रविवारी येते, शेवटच्या बाकावर बसते आणि कोणाशी न बोलता निघून जाते. तोरा बघावा एकेकीचा."

ताईंनी 'नकार' निवडलं. पडद्यावरच्या त्या शहाण्याचं तेवढ्यानेही समाधान झालं नाही. नकार कोणी दिला, कोणाला, काय शब्दांत?

"काका, तुम्ही होतात ना बरोबर? काय म्हणाल्या त्या?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणाली… म्हणजे, दार उघडलंच नाही तिने."

"मग नकार कुठे दिला?"

दहा वर्षं ते कार्ड मी पाठमोरं उभं ठेवलं होतं, अगदी नेटकं, ओळीत!

ताईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"लेओकादियाबाई, रागवू नका. दहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत फादर आले, तेव्हा तुम्ही दार का उघडलं नाहीत?"

"कसं उघडणार? खुब्याचं हाड मोडून जिल्ह्याच्या इस्पितळात पडले होते."

"मग पुढल्या वर्षी सांगायचं नाही का?"

"पुढल्या वर्षी टेबल मांडून बसले होते. त्याच्या पुढल्या वर्षीही. तुम्ही शेजारच्या घरापर्यंत यायचात आणि मागे फिरायचात. मला वाटलं, झाडावरून बोलले, त्याची शिक्षा आहे. शिक्षा संपली का, हे काय मी विचारायला यायचं?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "दर वर्षी मांडते हो टेबल. सवय. यंदा गुडघे कुरकुरतात, म्हणून म्हटलं, आता पुरे करावं."

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे मला दिसत होते. त्या क्षणी मला माझी आणि त्यांची, दोघांचीही लाज वाटली.

जानेवारी आला. नकाशा आता नव्या फादरांच्या फोनवर होता, माझं काही काम नव्हतं. तरी काकांनी मला उचललं. "चल म्हातारे, चूक दोघांनी केली, तर दोघांनी जायचं." फेरी नेहमी चर्चपासून सुरू होते. यंदा फादरांनी ती पाणचक्कीच्या गल्लीतल्या शेवटच्या घरापासून सुरू केली.

दार हिरवं होतं, नुकतं रंगवलेलं. पण वरच्या फळीवर हातभर जागा तशीच जुन्या रंगाची सोडली होती. तिथे शेवटच्या भेटीचं साल पुसट झालेल्या खडूत अजून टिकून होतं. दार रंगवताना बाईंनी त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता.

दार उघडलं. काठी टेकत उभ्या राहिलेल्या त्या ठेंगण्या बाईंनी आधी फादरांना पाहिलं, मग काकांना.

"या. चहा जरा गार झाला असेल. दहा वर्षं झाली ओतून."

काकांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी मला पांढऱ्या चादरीवर ठेवलं. "बाई, ते झाड पाडायला मी पण हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "आणि हे कार्ड मीच फिरवलं. कारण न विचारता."

"मग आता नीट करा," बाई म्हणाल्या. काकांनी माझ्यातून कार्ड काढून सरळ केलं. प्रार्थना झाली. चहा गरम होता. निघताना फादरांनी जुन्या आकड्याच्या शेजारी नवं साल लिहिलं. जुनं पुसू का, असं त्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. मधली वर्षं कुठे गेली, ते कोणीतरी विचारेल."

मित्रांनो, आज मी कपाटावर असते. माझ्यात मेणबत्त्यांचे तुकडे ठेवतात आणि खडूचा डबा. एकच कार्ड काकांनी परत आणून ठेवलं आहे, सरळ, पुढच्या बाजूला. खाली टेबलावर तो प्रोग्राम काम करतो आणि प्रत्येक रिकाम्या जागेला विचारतो, का? त्याला ना गुडघ्यांचे खळगे, ना साठ वर्षांची मिजास, पण हा एक प्रश्न मला कधी सुचला नव्हता. माझी काळजी घेतलीत तर आनंदच आहे, अधूनमधून धूळ झटका. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणाकडे पाठ फिरवायची वेळ आली, तर आधी त्याचं दार पुन्हा एकदा वाजवा. आत कोणीतरी टेबल मांडून बसलेलं असेल.